आईला बरं नाही, लगेच या

भाच्याचा निरोप मोबाईलवर आला तेव्हा मी गवारीच्या शेंगा मोडत होते. सकाळचे नऊ वाजले असतील. निरोप एवढाच होता, ‘आईला बरं नाही. लगेच या.’ भाच्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही तिला आक्का म्हणतो. ती शिराळ्याला असते, मी सांगलीत विश्रामबागेत मुलाकडं. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पण वाचता चांगलं येतं. मी तो निरोप एकदाच वाचला आणि मोबाईल पालथा ठेवला. आक्का गेली, हे मला कळलं.

ते कसं कळलं हे सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की म्हातारीलाच घाई झाली होती. आमच्या भागात कुणी मेलं की ‘मेलं’ असं कुणी सांगत नाही. सांगावा घेऊन येणारा माणूस दारातच उभा राहतो. बसत नाही, पाणी घेत नाही. ‘जरा बरं न्हाई, चला,’ एवढंच म्हणतो. ऐकणाऱ्यानंही पुढं काही विचारायचं नसतं. विचारलं तर त्याला सांगावं लागणार, आणि सांगितलं तर बाई तिथंच बसकण मारणार, मग तिला न्यायची कशी? म्हणून ही सोय. माझी आई गेली तेव्हा माहेराहून सायकलवर माणूस आला होता. मी तांब्या पुढं केला, त्यानं मान हलवली. मी चुलीतली लाकडं बाहेर ओढली आणि पातळ बदलायला गेले. माझा नवरा गेला तेव्हा मीही हेच केलं. मुलगा पुण्यात नोकरीला होता. त्याला फोनवर म्हणाले, ‘तुझ्या वडिलांना बरं नाही, ये.’ तो आला, दारातली माणसं बघितली, मग त्याला समजलं. पुढं महिन्यानं तो मला म्हणाला, ‘आई, खरं सांगायचं होतंस.’ मी म्हणाले, ‘खरं सांगितलं असतं तर गाडी चालवत आला असतास का?’

त्यामुळं त्या सकाळी मुलाला निरोप दाखवला तेव्हा त्यानंही काही विचारलं नाही. चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘निघूया,’ म्हणाला. भाच्याला त्यानं स्वतःच्या मोबाईलवरून ‘निघालो’ असं कळवून टाकलं.

आमच्यात बाई गेली की माहेरची साडी लागते. आईवडील नसले तर भावाबहिणींनी न्यायची. दुकानं अजून उघडली नव्हती. सुनेच्या कपाटात एक नवी, घडी न मोडलेली साडी होती, ती पिशवीत घातली. सून नोकरीवर गेली होती, तिला मुलानं फोन केला. साताऱ्याला माझा धाकटा भाऊ असतो, त्याला मी मुलाच्याच मोबाईलवरून फोन केला.

‘आक्काला बरं नाही. लगेच ये.’

तो म्हणाला, ‘बरं. कराडमार्गे येतो,’ आणि फोन ठेवला.

राहिली नात. ती विश्रामबागेतच कॉलेजात जीवशास्त्र शिकते, तिसऱ्या वर्षाला. त्या दिवशी तिची प्रॅक्टिकलची परीक्षा होती. मुलगा म्हणाला, ‘पेपर बिघडेल तिचा. नंतर सांगू.’ मलाही ते बरोबर वाटलं. घाईत माझा मोबाईल ओट्यावर शेंगांजवळच राहिला. चहासुद्धा न घेता आम्ही निघालो. माती होईपर्यंत तोंडात काही घालायचं नसतं.

गाडीत माझी छाती धडधडत होती. तळव्यांना घाम येत होता. रडू येत नव्हतं. मला रडू लवकर येत नाहीच. पिशवीचे बंद मी दोन्ही मुठींत धरून ठेवले. आणि का कोण जाणे, मला नातीचं बोलणं आठवलं.

गेल्या वर्षी आक्काच्या पायाला जखम झाली होती. तिला शुगर आहे, जखम लवकर भरत नाही. सांगलीत दाखवायचं म्हणून ती आमच्याकडं दोन महिने राहिली. रोज जेवायच्या आधी तिला पोटात इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागायचं, आणि रोज ती कुरकुर करायची. एकदा संध्याकाळी नातीनं तिला समजावायला घेतलं.

‘मोठ्या आजी, हे औषध नुसतं औषध नाही. हा निरोप्या आहे. आमच्या पुस्तकात मेसेंजर म्हणतात. तुम्ही जेवलात की साखर रक्तात येते. मग हा जाऊन सगळ्या पेशींना सांगतो, दारं उघडा, साखर आत घ्या.’

‘आन त्यांनी न्हाई ऐकलं तर?’

‘तोच तर तुमचा आजार. एक तर निरोप्या कमी पडतो, नाहीतर तो दारावर थापा मारत बसतो आणि आतून कुणी उघडत नाही.’

‘म्हंजी आमच्या ल्योकागत. चार हाका मारल्या की एकदा व्हय म्हणतो.’

माझा मुलगा जेवता जेवता हसला. तो कॉम्प्युटरच्या ऑफिसात आहे. म्हणाला, ‘आमच्याकडं मेसेंजर म्हणजे निव्वळ हमाल. इथलं पाकीट उचलायचं, तिथं टाकायचं. आत लग्नपत्रिका आहे का मयताची खबर, त्याला घेणंदेणं नाही. उघडून बघायचीसुद्धा त्याला परवानगी नाही.’

‘आमच्यात पाकीटच नसतं, बाबा,’ नात म्हणाली. ‘निरोप्या आला हाच निरोप. तो येऊन ठरलेल्या जागी बसला की समोरच्यानं ओळखायचं काय करायचं ते. पेशीच्या आत दुसरा एक असतो, तो मोठ्या पुस्तकातला एवढासा मजकूर उतरवून घेऊन जातो. तो वाचून झाला की त्याला मोडून टाकतात.’

‘मोडत्यात?’ आक्का म्हणाली. ‘निरोप बी पोचवायचा आन जीव बी द्यायचा? असली नोकरी कोन करंल गं?’

‘त्याला कुठं कळतंय, मोठ्या आजी.’

मग तिनं आणखी एक सांगितलं होतं. माणूस घाबरला की मूत्रपिंडावरच्या एका ग्रंथीतून एक निरोप्या सुटतो आणि अंगभर पळत सुटतो. छाती धडधडते ती त्याच्यामुळं, घाम सुटतो तोही त्याच्यामुळं. मी विचारलं होतं, ‘घाबरायचं कारण खोटं असलं तर?’ ती म्हणाली, ‘त्याला काय माहीत? सोडलं की पळायचं.’

इस्लामपूरच्या अलीकडं मुलाचा फोन वाजला. समोर ठेवला होता. नाव भाच्याचं.

‘उचलू?’

मी म्हणाले, ‘नको. त्याला बोलायला लावू नको. पोचतोच आहोत.’

थोड्या वेळानं परत वाजला. मुलानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. वाजून वाजून थांबला. पुढं पेठनाक्यावरून आम्ही शिराळ्याकडं वळलो. हे दोन फोन मी उचलू दिले नाहीत, ही चूक माझी. मुलाची नाही.

आक्काच्या दारात आलो तर दारात एक चप्पल नाही. माणूस नाही, रडणं नाही, दाराला बाहेरून कडी. शेजारची बाई पत्र्यावर शेंगा वाळत घालत होती. मी गाडीतून उतरले. मी तिला हळू आवाजात विचारलं, ‘कुठं ठेवलंय?’

‘काय ठेवलंय?’

‘आक्काला.’

‘आवं, दवाखान्यात न्हेलंय की सकाळीच. तुमास्नी फोन न्हाई केला?’

‘आहे ना ती?’

‘म्हंजी?’ ती बाई खाली उतरली. माझ्या तोंडाकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं. ‘आगाई गं! हाईत की! काय बोलताय सकाळ सकाळ!’

ऐकल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. झाला असेलही, पण मला आठवतो तो राग. भाच्यावरचा. असलं लिहायचं असतं का?

दवाखाना लांब नव्हता. भाचा बाहेरच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. आम्हाला बघून धावत आला.

‘मावशी, फाईल?’

‘कसली फाईल?’

त्यानं खिशातून मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. पहिल्या निरोपाखाली दुसरा होता, दोनच मिनिटांनी पाठवलेला, ‘गेल्या वर्षीची निळी फाईल तुमच्याकडं आहे. ती घेऊन या. डॉक्टरला पाहिजे.’ ती फाईल आमच्या लोखंडी कपाटात होती, कारण आक्का दर तीन महिन्यांनी सांगलीला तपासायला यायची. कपाट मी सकाळी उघडलंही होतं. माझं लुगडं काढायला. फाईल समोरच होती.

‘मी दोनदा फोन केला,’ भाचा म्हणाला. ‘तुमी निघालो म्हणालात, मला वाटलं घेऊन येताय. हे काय आणलंय?’

पिशवीतून साडीचा काठ बाहेर आला होता. मी तो आत दाबला. त्याला समजलं. तो सतरा वर्षं फौजेत होता, आता रिटायर होऊन ऊस बघतो. त्याला ओरडायला येत होतं, पण ओरडला नाही.

‘मावशी, बरं न्हाई म्हंजी बरं न्हाई. मेली असती तर मेली असं लिवलं असतं की मी.’

‘असं कुणी लिहितं का?’

‘फौजेत असंच लिवत्यात. जेवढं हाय तेवढं.’

तो म्हणत होता ते खरं होतं, आणि मी ज्या रीतीनं वागले तीही खोटी नव्हती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आम्हाला आत घेतलं. आक्का डोळे मिटून पडली होती, श्वास भराभर चालला होता, एका हाताला सलाईन. पायाची जुनी जखम परत चिघळली होती, दोन दिवस तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. ताप वर गेला होता, शुगर वर गेली होती. इन्सुलिन त्यांनी सुरू केलं होतं. जखमेसाठी जंतूंवरचं इंजेक्शन द्यायचं होतं, आणि तिथंच अडलं होतं.

‘गेल्या वर्षी सांगलीत एका इंजेक्शननं यांचा घसा सुजला होता म्हणे. श्वास अडकला होता. कोणतं इंजेक्शन?’

मी म्हणाले, ‘पांढरं होतं. बाटलीत पावडर होती.’

‘आजी, बरीचशी तशीच असतात.’

‘तुम्ही दुसरं द्या.’

‘तेच ठरवायचंय. मी दुसरं म्हणून देईन आणि ते त्याच जातीतलं निघालं तर? या वयात, या अवस्थेत परत घसा सुजला तर मला सावरता येईलच असं नाही. आणि फार वेळ न देताही राहता येणार नाही. अर्धा तास बघते. सांगलीच्या दवाखान्यात फोन लावा, कागद मिळवा, काहीतरी करा.’

सांगलीच्या दवाखान्यात फोन लागला. तिथली मुलगी म्हणाली, डॉक्टर ऑपरेशनला आहेत, जुने कागद दुसरीकडं असतात, शोधून सांगते. सून मिरजेला कामावर, घरी पोचायला तिला वेळ लागणार. घरापासून जवळ एकटी नात होती. तिला आम्ही सकाळी मुद्दाम सांगितलं नव्हतं.

मुलानं तिला फोन लावला. बंद. परीक्षेच्या वेळी मोबाईल बंद करून बॅगेत, बॅग खोलीबाहेर. मग त्यानं लिहिलं, ‘लगेच घरी जा. लोखंडी कपाटातली मोठ्या आजीची निळी फाईल. इंजेक्शनच्या त्रासाचं जिथं लिहिलंय त्या पानाचा फोटो पाठव.’ पाठवलं आणि मोबाईल माझ्यापुढं धरला. निरोपाखाली एक खूण होती.

‘एक म्हणजे काय?’

‘इथून गेला. तिच्यापर्यंत पोचला नाही. दोन झाल्या की पोचला. निळ्या झाल्या की वाचला.’

मी त्या एका खुणेकडं बघत बसले. आतून आक्काच्या श्वासाचा आवाज येत होता. एकदा श्वास, एकदा खूण, एवढंच माझं चाललं होतं. मुलाचा तो हमाल पाकीट घेऊन दारात उभा होता आणि त्याला पाकिटात काय आहे ते ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्यानं दार फोडलं असतं का? सायकलवरून आलेल्या त्या माणसाला ठाऊक होतं, म्हणून तर तो पाणी प्याला नव्हता. मी भाच्याला म्हणाले, ‘कॉलेजात फोन कर.’ कॉलेजाचा नंबर कुणाकडं नव्हता. मुलगा ऑफिसात कुणाला तरी फोन करून कॉलेजाकडं पाठवत होता. भाचा भिंतीला टेकून उभा होता. तो माझ्याकडं बघत नव्हता.

दोन खुणा झाल्या तेव्हा मीच ओरडले. लगेच निळ्या झाल्या. नातीचं उत्तर आलं. तिनं फाईलचं काहीच विचारलं नव्हतं. लिहिलं होतं, ‘खरं सांगा. मोठ्या आजी गेल्या का?’

आमच्या घरात हा प्रश्न असा सरळ विचारणारी ती पहिलीच. मुलगा टाईप करायला लागला, मी त्याच्या हातातून मोबाईल घेतला आणि बोलून पाठवतात तसं बोलले, ‘जिवंत आहे. अर्धा तास आहे आपल्याकडं. पळ.’

ती परीक्षा संपवून नुकतीच बाहेर आली होती, तशीच पळाली. मैत्रिणीच्या गाडीवरून घरी गेली. पहिला फोटो आला तो हललेला, काही दिसेना. दुसरा औषधांच्या बिलाचा. डॉक्टरीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या हातात ट्रे होता, ट्रेमध्ये एक बाटली. तिसरा फोटो आला. त्यात इंजेक्शनचं नाव लाल शाईनं दोनदा अधोरेखित केलेलं. त्यांनी मोबाईल हातात घेऊन अक्षर मोठं केलं, वाचलं, ट्रेमधल्या बाटलीकडं बघितलं.

‘बरं झालं थांबलो,’ त्या म्हणाल्या. ‘हे त्याच जातीचं आहे.’ आणि बाटली परत आत घेऊन गेल्या. दुसरी आणली.

ते इंजेक्शन गेल्यावरही आम्ही दर पाच मिनिटांनी आक्काचा घसा बघत होतो. दुपारी एकपर्यंत काही झालं नाही. श्वास जरा संथ झाला. तेव्हा मला साताऱ्याहून निघालेल्या भावाची आठवण झाली. मुलाच्या मोबाईलवरून फोन लावला. तो कराडच्या स्टँडवर शिराळ्याच्या गाडीची वाट बघत होता.

‘अरे, आक्का बरी आहे. दवाखान्यात आहे.’

‘बरं,’ तो म्हणाला. ‘वेळ किती ठरलीय?’

‘कसली वेळ? जिवंत आहे ती!’

‘ताई, मी काय ल्हान हाय का आता? सांग की खरं. मी येतोयच.’

‘खरंच सांगतेय.’

‘बरं बरं,’ तो म्हणाला, आणि ते ‘बरं’ कसलं ते मला चांगलं ठाऊक होतं. फोन ठेवताना तो रडत होता. मी भाच्याला फोन करायला लावला, तोवर त्याचा फोन लागेना झाला. एसटीत बसला असणार.

तो तीन वाजता आला. खांद्यावर टॉवेल, डोळे सुजलेले. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतलेला नव्हता. भाच्यानं त्याला हाताला धरून आत नेलं. आक्कानं तेवढ्यात डोळे किलकिले केले होते. तोंड कोरडं पडलेलं, शब्द नीट फुटत नव्हते, तरी म्हणाली, ‘तू रं कशाला आलास? आज तोड हाय म्हणत व्हतास न्हवं उसाची?’

तो बिछान्याच्या पायाशी खालीच बसला. साठी ओलांडलेला माणूस. टॉवेल तोंडाला लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. आक्का मला म्हणाली, ‘ह्याला काय झालं?’ मी म्हणाले, ‘एसटी लागली.’

बाहेर बाकड्यावर भाच्यानं चहा आणून दिला. भावानं बशीत ओतला. मी त्याला म्हणाले, ‘मी फोनवर ओरडून सांगत होते, तरी तू विश्वास ठेवला नाहीस. का रे?’

‘तू सांगितलंस म्हणून,’ तो म्हणाला. ‘आई गेली तवा मी हॉस्टेलात व्हतो. तूच आली व्हतीस न्ह्यायला. सबंध रस्ताभर आई बरी हाय म्हणत व्हतीस.’

मला ते आठवत नव्हतं. पण मी म्हणाले असेन. मी म्हणणारच. तो चहा प्याला, दुसरा मागितला. मी माझा त्याच्यापुढं सरकवला. आत डॉक्टरीणबाई आक्काच्या पायाची पट्टी सोडत होत्या. त्या म्हणाल्या होत्या, ताप उतरतोय का ते रात्रीपर्यंत कळेल, पण एक बोट काळं पडलंय, ते बहुतेक काढावं लागेल. मी दारातून विचारलं, ‘एकच ना?’ त्यांनी वर न बघता सांगितलं, ‘आत्ता तरी एकच. उद्याचं आज सांगत नाही.’ मी म्हणाले, ‘सांगा. काय असेल ते सांगा,’ आणि भावाला हाताला धरून उठवलं, त्यालाही ते ऐकू यावं म्हणून.